विचारा की! : शंभर मायक्रॉनचा थेंब नेमका मोजला कुणी?

गेल्या अंकात ब्लोअरच्या (हवेच्या झोतानं बागेत औषध फवारणाऱ्या मशीनच्या) नोझलवर लेख आला होता, त्यात "थेंब बारीक पाहिजे" एवढंच वाक्य होतं आणि तिथनं जी पत्रं न् मेसेज सुरू झालेत ते अजून थांबेनात, बारीक म्हणजे किती, ते कळतं कसं, कंपनीवाले आकडा देतात तो खरा का. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, सगळा कॉलम थेंबांचा.

प्रश्न : सर नमस्कार. छाटणीच्या आधी नवीन ब्लोअर घ्यायचाय. एका डीलरच्या पत्रकावर लिहिलंय "थेंबाचा आकार ५० मायक्रॉन", दुसऱ्याच्या पत्रकावर "व्हीएमडी २५० मायक्रॉन". किंमत साधारण सारखीच. पहिला बारीक मारतो म्हणजे तोच चांगला ना? आणि एवढा बारका थेंब, तोही उडत असताना, मोजतात कशानं? का उगाच छापतात?
— द्राक्ष बागायतदार, सावळज (ता. तासगाव)

उत्तर : दादा, उगाच छापतात असं सरसकट म्हणता येणार नाही, पण दोन्ही आकडे एकाच फवाऱ्याचे असू शकतात हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. हिशोबच करून दाखवतो. समजा एका फवाऱ्यात ५० मायक्रॉनचे १००० थेंब आहेत आणि ५०० मायक्रॉनचा फक्त एक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). थेंबातलं औषध व्यासाच्या घनानं वाढतं, म्हणजे व्यास दहापट तर औषध हजारपट. म्हणजे त्या एकट्या ढब्ब्या थेंबात जेवढं औषध आहे तेवढंच बाकीच्या हजारांत मिळून. आता सरासरी काढा. थेंब मोजून साधी सरासरी काढली तर ५० येते. आकारमानाला वजन देऊन काढली तर २७५ येते. आणि इंजिनवाले लोक वापरतात ती सॉटर सरासरी, म्हणजे एकूण आकारमान भागिले एकूण पृष्ठभाग या हिशोबाची, ती काढली तर येते ९१. फवारा एकच, आकडे तीन, आणि खोटा एकही नाही. ज्याला बारीक दाखवायचंय तो ५० छापणार, सरळ आहे.

फवारणीच्या धंद्यात व्हीएमडी धरायची पद्धत आहे, म्हणजे असा व्यास की अर्धं औषध त्याच्यापेक्षा लहान थेंबांत आणि अर्धं मोठ्या थेंबांत. त्याच्या जोडीनं अजून दोन आकडे असतात, एक असा की ज्याच्याखाली १० टक्के औषध आहे आणि दुसरा ज्याच्याखाली ९० टक्के. हे तीन आकडे मिळाले तर फवारा एकसारखा आहे का खिचडी आहे ते कळतं. नुसतं "५० मायक्रॉन" म्हणणाऱ्या पत्रकाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

आता मोजतात कसं. बहुतेक ठिकाणी लेझर डिफ्रॅक्शन. एका बाजूला लेझर, जुन्या मशिनांत हिलियम-निऑनचा लाल, ६३३ नॅनोमीटरचा, त्याची रुंद केलेली समांतर दांडी फवाऱ्यातनं आरपार जाते आणि पलीकडं भिंगामागं एक डिटेक्टर असतो, त्यावर एकात एक अशा अर्धगोल कड्या. थेंबावर उजेड पडला की तो जरासा फाकतो. गंमत अशी की मोठा थेंब उजेड कमी फाकवतो आणि बारका थेंब जास्त. १०० मायक्रॉनच्या थेंबांनी एक मीटरवरच्या पडद्यावर पाडलेलं पहिलं काळं कडं मध्यापासनं पावणेआठ मिलिमीटरवर येतं, १० मायक्रॉनचे असतील तर तेच कडं पावणेआठ सेंटीमीटरवर. खऱ्या फवाऱ्यात सगळ्या मापांची कडी एकमेकांवर पडतात, मग कुठल्या कडीवर किती उजेड आला त्यावरनं कॉम्प्युटर उलटा हिशोब मांडतो की हे असं पडायला कुठल्या मापाचे थेंब किती पाहिजेत. गोल कणावर उजेड कसा विखुरतो याचं पूर्ण गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ साली मांडून ठेवलंय, ते अजून रोज वापरात आहे. आणि फवाऱ्यासाठी कड्यांच्या डिटेक्टरची ही पद्धत १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात स्विदेनबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली, मशीन बाजारात आलं ते तिथनंच.

तेव्हा डीलरला एवढंच विचारा: हा आकडा व्हीएमडी आहे का, किती प्रेशरला मोजला, कुठल्या नोझलवर, आणि साध्या पाण्यावर का स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घातलेल्या पाण्यावर. शेवटचं मुद्दाम विचारा. साध्या पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो, चांगला स्प्रेडर (थेंब पसरवणारं द्रव्य) घातला की तो ३० पर्यंत उतरतो, आणि थेंब कसा तुटणार ते त्यावर बरंच अवलंबून आहे. उत्तर आलं नाही तर समजायचं की पत्रक छापणाऱ्यालाही माहीत नाही.

प्रश्न : सर मी पाण्यानं निळे होणारे ते पिवळे कागद मागवले आणि बागेत पानांना टाचून ब्लोअर फिरवला. मोबाईलवरच्या ॲपनं सरासरी थेंब ४२० मायक्रॉन दाखवला, मशीनच्या कागदावर १८० लिहिलंय. फसवलं का मला? वडील म्हणतात मशीन परत दे.
— तरुण शेतकरी, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : थांबा, मशीन परत देऊ नका एवढ्यात, आणि वडिलांनाही जरा दमानं घ्यायला सांगा. कागदावरचा डाग म्हणजे थेंब नव्हे. थेंब कागदावर आपटून पसरतो, डाग साधारण दुप्पट होतो, आणि हे पसरणं थेंबाच्या मापाप्रमाणं कमीजास्त होतं, स्टिकर असेल तर अजून बदलतं. म्हणजे ४२० चा डाग हा २०० च्या आसपासच्या थेंबाचा असू शकतो. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करतच नाहीत, सेटिंगमध्ये बघा कुठं "स्प्रेड फॅक्टर" आहे का.

दुसरं, कागदाचा पाचवा हिस्सा निळा झाला की डाग एकमेकांत मिसळायला लागतात आणि ॲप दोन-तीन डागांचा एकच मोठा डाग धरतं. ब्लोअर सावकाश मारला असेल तर तुमचा कागद निम्म्याच्या वर निळा असणार, त्याच्यावरनं माप काढणं म्हणजे नुसता अंदाजपंचे. तिसरं, बारके थेंब. ५० मायक्रॉनच्या खालचे थेंब एकतर कागदापर्यंत पोचतच नाहीत, वाऱ्याबरोबर वळून जातात, नाहीतर वाटेत सुकतात, आणि पोचले तरी त्यांचा डाग नीट उठत नाही. स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केलं तर एक ठिपका म्हणजे ४२ मायक्रॉन पडतो, म्हणजे त्या बारक्या थेंबाचा डाग दोन ठिपक्यांत आटोपला, ॲप त्याला धूळ समजून सोडून देणार. सगळ्या चुका मोठ्या मापाच्याच बाजूला ढकलणाऱ्या आहेत.

पण कागद टाकून देऊ नका, त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. एका चौरस सेंटीमीटरला किती डाग पडले ते मोजा. स्पर्शजन्य बुरशीनाशकाला ५० ते ७० डाग, कीटकनाशकाला २० ते ३० असा सर्वसाधारण नियम आहे. कागद पानाच्या वरच्या बाजूला लावला तर सगळे पासच होतात, डाऊनी (केवडा रोग) बसते पानाच्या खालच्या अंगाला, तर कागद तिथं लावा, आणि घडाच्या मागं, मंडपाच्या मध्याला. हात लावताना चिमटा वापरा, घामाचं बोट लागलं की कागद तिथं निळा. आणि सकाळी दव असताना किंवा पावसाची दमट हवा असताना हा उद्योग करू नका, हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर कागद फवारणीविनाच निळा पडायला लागतो, ऑक्टोबर छाटणीनंतर आपल्याकडं नेमकी तीच हवा असते म्हणून सांगतोय.

प्रश्न : सर, मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला स्प्रे कॅरेक्टरायझेशन घेतलंय. पेपर वाचले तर कुणी लेझर डिफ्रॅक्शन वापरतं, कुणी पीडीए, कुणी शॅडोग्राफी, आणि एकाच नोझलचे आकडे तिन्हीत वेगळे येतात. मग बरोबर कुठलं? आमच्याकडं यातलं काहीच नाहीये, बजेट पण नाही, तरी काही करता येईल का?
— विद्यार्थी, सांगली

उत्तर : मित्रा, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा, त्यामुळं उत्तर लांबणार.

आधी पीडीए, म्हणजे फेज डॉपलर. दोन लेझर किरण एका बारक्या जागी एकमेकांना छेदतात आणि तिथं उजेड-अंधाराचे पट्टे तयार होतात, धर की दोन पट्ट्यांत ६ मायक्रॉन अंतर. थेंब त्या पट्ट्यांतनं जाताना लुकलुकतो. २० मीटर प्रति सेकंदानं गेला तर सेकंदाला ३३ लाख वेळा या हिशोबानं, त्यावरनं वेग कळला. आता माप. थेंब स्वतःच भिंग आहे, तो ते पट्टे बाहेर फेकतो, आणि थेंब जेवढा मोठा तेवढे बाहेर पडणारे पट्टे जवळजवळ येतात. वेगवेगळ्या कोनांत दोन डिटेक्टर ठेवले तर दोघांना लुकलुक तीच दिसते पण थोडी मागंपुढं, आणि हा जो मागंपुढं होण्याचा फरक आहे तो थेंबाच्या व्यासाच्या प्रमाणात असतो. फरक एका पूर्ण फेरीपेक्षा जास्त झाला तर घोटाळा होतो म्हणून तिसरा डिटेक्टर लागतो. मूळ कल्पना डुर्स्ट आणि झारे यांची, १९७५ सालची, आणि त्याचं वापरता येईल असं यंत्र १९८४ च्या बाचालो-हाउझर यांच्या कामातनं उभं राहिलं. एकेका थेंबाचं माप आणि वेग दोन्ही एकदम मिळतं, म्हणून इंजिनवाल्यांचा जीव या पद्धतीवर. पण थेंब गोल पाहिजे, त्याचा अपवर्तनांक माहीत पाहिजे, आणि एका वेळी त्या जागेत एकच थेंब पाहिजे. नोझलच्या तोंडाशी पाण्याच्या दोऱ्या आणि चिंध्या असतात, थेंब झालेलेच नसतात, तिथं पीडीए गप्प बसतं. हवा ओढून घेणारं नोझल असेल तर थेंबात बुडबुडे असतात, तिथंही गडबडतं.

आकडे वेगळे का येतात याचं मोठं कारण पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं, ते नीट समजून घे. गळीत हंगामात सांगली-इस्लामपूर रस्त्याचा वरनं एक फोटो काढला तर त्यात उसाचे ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसतील, आणि तोच रस्ता एका जागी उभं राहून तासभर मोजला, किती गाड्या पुढनं गेल्या, तर गाड्यांचं न् एसटीचं प्रमाण वाढेल, कारण ट्रॅक्टर हळू चालतो, रस्त्यावर जास्त वेळ रेंगाळतो आणि फोटोत जास्त सापडतो. लेझर डिफ्रॅक्शन म्हणजे तो फोटो, आणि पीडीए म्हणजे उभं राहून मोजणारा माणूस. फवाऱ्यात बारके थेंब हवेनं लगेच मंदावतात, मोठे सुसाट जातात, म्हणून स्थिर हवेत डिफ्रॅक्शनचा आकडा बारीक येतो. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पीडीएच्या डेट्यात प्रत्येक थेंबाचा वेग असतो, त्यानं भागून एकाचं दुसऱ्यात रूपांतर करता येतं. आणि ब्लोअरसारखी हवा थेंबांबरोबरच वाहत असेल तर सगळ्यांचा वेग जवळपास येतो आणि दोघांचं भांडण बरंच मिटतं, विंड टनेलमध्ये मोजतात त्याचं एक कारण हेही आहे. शिवाय फवारा फार दाट असला की एकाच थेंबानं फाकवलेला उजेड दुसरा थेंब परत फाकवतो, तेव्हा डिफ्रॅक्शनचा आकडा आहे त्यापेक्षा बारीक दिसतो, म्हणून आरपार किती उजेड पोचतोय ते आधी बघायचं.

आता बजेट. शॅडोग्राफी कर, तुझ्या आवाक्यातली तीच आहे. मागं उजेड, पुढं कॅमेरा, मधनं थेंब, त्याची सावली टिपायची. सगळा खेळ फ्लॅश किती छोटा यावर आहे. थेंब २० मीटरच्या वेगानं जात असेल आणि मोबाईलचं शटर १/४००० सेकंदाचं असेल तर तेवढ्या वेळात तो ५ मिलिमीटर सरकला, फोटोत रेघ येणार. तेच एलईडीला एक मायक्रोसेकंदाचा झटका दिला तर सरकला २० मायक्रॉन. नोझलपासनं अर्ध्या मीटरवर गेलास की वेग बराच उतरलेला असतो, ५ मीटर धरला तर धूसरपणा ५ मायक्रॉनवर आला, चालतंय. मॉस्फेट आणि त्याचा ड्रायव्हर आयसी घालून असा पल्स देणारं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांकडनं करून घे, खोली अंधारी कर, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेव आणि फ्लॅशच शटरचं काम करू दे. मॅक्रो लेन्सवर एका पिक्सेलला ५ मायक्रॉन पडतील असं जमवलंस तर ३० मायक्रॉनपर्यंतचा थेंब विश्वासानं मोजता येईल, त्याखालचे सोडून दे आणि सोडलेत असं रिपोर्टात सरळ लिही.

मायक्रोस्कोपच्या लॅबमध्ये स्टेज मायक्रोमीटर असतो, काचेवर कोरलेली बारीक पट्टी, तिचा फोटो काढून पिक्सेलचं माप बसव. आणि एक खोड लक्षात ठेव, मोठा थेंब फोकसच्या बाहेर असला तरी दिसतो, बारका लगेच विरघळून जातो, त्यामुळं काही न करता मोजलंस तर मोठे जास्त मोजले जातात. कडा किती धारदार आहे त्याचा निकष लावून धूसर थेंब बाद कर, आणि प्रत्येक मापाला फोकसची खोली किती आहे ते काचपट्टी पुढंमागं सरकवून आधीच काढून ठेव. हे एवढं जरी नीट केलंस ना, तर प्रोजेक्टचा निम्मा जीव त्यातच आहे, परीक्षक तिथंच विचारतात. फक्त पाणी वापर, औषध नको, बंद खोलीत तर नकोच नको.

प्रश्न : मी मिरजेत एका दवाखान्यात नर्स आहे. नेब्युलायझरचा धूर जास्त दिसतो ते मशीन चांगलं असं पेशंटचे नातेवाईक म्हणतात. खरं आहे का? त्याचे थेंब पण असेच मोजतात का?

उत्तर : ताई, धूर दिसण्याचा आणि औषध छातीत उतरण्याचा थेट संबंध नाही. फुप्फुसात खोल जायला थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो, त्याच्यावरचा घशातच चिकटतो. आणि दाट दिसणाऱ्या धुरात मोठे थेंब किती न् बारके किती हे डोळ्याला कळत नाही. मोजायला लेझर डिफ्रॅक्शन इथंही वापरतात, झटपट होतं म्हणून, पण औषधाच्या दुनियेत मान कॅस्केड इम्पॅक्टरला आहे, त्यात हवा एकामागोमाग एक ताटल्यांवरनं जाते आणि मापाप्रमाणं थेंब वेगवेगळ्या ताटलीवर बसतात, मग कुठल्या ताटलीत औषध किती ते रसायनशाळेत काढतात. लेझरला औषध आणि पाणी यातला फरक कळत नाही ना. मोजताना हवा कोरडी असेल तर एवढे बारके थेंब बघता बघता आटतात आणि आकडा खोटा बारीक येतो, ही तिथली नेहमीची डोकेदुखी.

प्रश्न : चंद्राभोवती कधी जवळ रंगीत कडं दिसतं, कधी लांब मोठं खळं. पावसाचं काही सांगतं का ते?
— पाटण, जि. सातारा

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबचं मोठं खळं, चंद्रापासनं २२ अंशांवरचं, ते उंच ढगातल्या बर्फाच्या कणांचं. जवळचं रंगीत कडं मात्र बहुतेक वेळा पाण्याच्या थेंबांचं, आणि वर सावळजच्या दादांना सांगितलेलं लेझरचं मशीन नेमकं याच तत्त्वावर चालतं. ढगातले थेंब २० मायक्रॉनचे असले तर कड्याची त्रिज्या जवळपास दोन अंश, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या चौपट. कडं लहान होत गेलं तर थेंब मोठे होतायत एवढं खात्रीनं म्हणता येईल, पावसाचं मी बोलत नाही. थॉमस यंगनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कड्यांवरनं लोकरीच्या तंतूंची जाडी मोजणारं उपकरण केलं होतं, लेझर यायच्या दीडशे वर्षं आधी.

प्रश्न : उसात तणनाशक मारायला ड्रोन भाड्यानं आणला. ड्रोनवाला म्हणतो पिवळं नोझल आहे म्हणजे मध्यम थेंब, काही उडत नाही. शेजाऱ्याची द्राक्षबाग बांधाला लागून आहे, त्याची पानं वेडीवाकडी झालीत, तो भांडायला आलाय. कुणाचं खरं?
— आष्टा (ता. वाळवा)

उत्तर : ड्रोनवाल्यानं दोन रंगांची गल्लत केलीय. नोझलच्या प्लॅस्टिकचा पिवळा रंग किती पाणी सोडतं ते सांगतो, ३ बारला मिनिटाला ०.८ लिटर. थेंबांच्या वर्गवारीत "मध्यम"ला पिवळा रंग आहे हे बरोबर, पण तो तक्त्यातला रंग, नोझलचा नव्हे. तेच पिवळं नोझल प्रेशर वाढवलं की बारीक थेंब मारतं, आणि दुसऱ्या बनावटीचं पिवळं नोझल त्याच प्रेशरला खूप जाड थेंब मारू शकतं. त्या ड्रोनला फिरत्या चकतीचं नोझल असेल तर सगळं चकतीच्या वेगावर, मग रंगाचा विषयच नाही.

आता तुमच्या बांधाचा हिशोब करू. ड्रोन तीन मीटर उंचीवर, वारा सेकंदाला दोन मीटर, म्हणजे पानं हलतील एवढाच. २०० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला ७० सेंटीमीटरनं पडतो, तो आठ-नऊ मीटर लांब जाऊन टेकेल. १०० मायक्रॉनचा पाव मीटरनं पडतो, तो २४ मीटर. ५० चा ८० मीटरच्या पुढं, सुकला तर त्याहून लांब. यात ड्रोनच्या पंख्याचा झोत धरलेला नाही, तो थेंब खाली ढकलतो तसा कडेला फेकतोही. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तर द्राक्षाला त्याचा मागमूसही सोसत नाही, पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा जवळ येतात. शेजाऱ्याच्या पानाचं वर्णन याच्याशी जुळतंय का ते आधी दोघांनी मिळून बघा, औषधाचं बिल सोबत ठेवा आणि कृषी विभागाच्या माणसाला पान दाखवा. आणि पुढच्या वेळी बांधाकडच्या पट्ट्यात ड्रोन नको, पाठीवरचा पंप घ्या, कमी प्रेशर, तणनाशकाचं जाड थेंबाचं नोझल, आणि वारा बागेकडनं उसाकडं असेल तेव्हाच.